ग्रंथ पुरा झाल्यावर



मोठे काम हातावेगळे झाले की लेखणी खाली ठेवावीशी वाटते. एखाद्या लढ्याचा इतिहास किंवा पाहणीचा विस्तृत अहवाल छापून होतो, चार ठिकाणी कौतुक होते आणि मग लिहिणारा तितक्याच मोठ्या विषयाची वाट पाहत बसतो. विषय सापडेपर्यंत हात आखडलेला असतो. कार्यकर्त्याच्या बाबतीत ही हानी एकट्याची नसते. त्याने टिपून न ठेवलेला चळवळीचा अनुभव त्याच्याबरोबरच नाहीसा होतो.

या संदर्भात कार्ल मार्क्सचे उदाहरण विचार करण्यासारखे आहे. ‘भांडवल’चा पहिला खंड १८६७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर मार्क्स पंधरा वर्षांहून अधिक काळ जगला. हा काळ आळसात गेला, असे कोणीही म्हणणार नाही. इंटरनॅशनलचे काम होते, १८७१ च्या पॅरिस कम्यूनवरील लेखन होते, रशियन भाषा शिकून केलेले वाचन होते. प्रकृती मात्र साथ देत नव्हती. टिपणवह्या भरत गेल्या, परंतु टिपणे म्हणजे ग्रंथ नव्हे. तिसऱ्या खंडाचा मुख्य मसुदा पहिला खंड छापण्यापूर्वीच लिहिलेला होता. तो अखेरपर्यंत पुरा झाला नाही. दुर्बोध हस्ताक्षर लावत एंगल्सने दुसरा खंड १८८५ साली व तिसरा १८९४ साली प्रसिद्ध केला. तिसऱ्या खंडातील वर्गांवरील शेवटचे प्रकरण थोड्याच मजकुरानंतर तुटते. वर्ग म्हणजे काय, या प्रश्नाचा सविस्तर ऊहापोह जेथे व्हायचा, नेमके तेथेच!

दुसरे उदाहरण अँथनी ट्रॉलप या इंग्रज कादंबरीकाराचे. तो समाजवादी नव्हता आणि मार्क्सशी त्याची तुलना येथे प्रतिभेची नाही, केवळ कामाच्या रीतीची आहे. टपाल खात्याची नोकरी सांभाळून तो पहाटे साडेपाचला लिहावयास बसे. आदल्या दिवशीचा मजकूर आधी वाचून काढी, मग घड्याळ समोर ठेवून दर पाव तासास अडीचशे शब्द लिही. किती पाने झाली याची रोज नोंद ठेवी, म्हणजे चुकलेला दिवस वहीत उघडा पडे. १८५८ साली खात्याच्या कामासाठी इजिप्तमध्ये असताना त्याने ‘डॉक्टर थॉर्न’ ही कादंबरी संपविली आणि दुसऱ्याच दिवशी पुढची कादंबरी सुरू केली.

ट्रॉलपचे माप प्रत्येकाला झेपणारे नाही, झेपण्याची आवश्यकताही नाही. सभा, दौरे व पोटाचा उद्योग सांभाळणाऱ्याने रोज अर्धे पान ठरवावे. वेळ मात्र निश्चित असावी. पुढील महाग्रंथाचा विचार तूर्त बाजूस ठेवावा. आजच्या बैठकीत कोणता मुद्दा निघाला, रेशनच्या दुकानापुढील रांगेत कोणती तक्रार ऐकू आली, मजुरीचा दर काय ठरला, हे विषय पुरेसे आहेत. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट लिहिण्याचा हट्ट धरू नये. अशा थकबाकीनेच सवय मोडते. नेहमीचे अर्धे पान लिहून पुढे जावे.

लेखन हेही श्रमच आहेत. गिरणीतला कामगार स्फूर्तीची वाट पाहत नाही. लेखणी धरणाऱ्यानेही ती पाहू नये. ग्रंथ पुरा झाल्याचा आनंद अवश्य साजरा करावा. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र ठरल्या वेळी वही उघडावी.