मुदत देण्याचा अधिकार

विधिज्ञांच्या परिषदेतील अध्यक्षीय भाषणात वर्षभरातील निवाड्यांचा आढावा घेण्याचा प्रघात आहे. ई-फायलिंग आणि न्यायाधीशांच्या रिक्त जागा यांवर उद्याच्या सत्रांत चर्चा होईलच. मी एकाच प्रश्नावर बोलणार आहे. बँक तारण घराचा ताबा मागते, तेव्हा कर्जदाराची कुवत पाहून मुदत देण्याचा अधिकार आपल्याकडे कोणाला आहे?

दिवाणी न्यायालयाला तो 1908 पासून आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 34 प्रमाणे गहाणाच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, फेडीसाठी सहा महिन्यांपर्यंत अवधी मिळतो आणि सबळ कारण असेल तर न्यायालय तो वाढवू शकते. म्हणजे खासगी सावकाराच्या ऋणकोला ही सवलत आहे. बँकेच्या कर्जदाराची ती 2002 च्या सरफेसी कायद्याने गेली. हप्ता नव्वद दिवस थकला की खाते अनुत्पादक, मग साठ दिवसांची नोटीस आणि पुढे ताब्यासाठी दंडाधिकाऱ्याकडे कलम 14 चा अर्ज. त्यासोबतच्या प्रतिज्ञापत्रात नऊ मुद्दे असतात: कर्ज किती, तारण कोणते, नोटीस कधी बजावली. थकलेले हप्ते कर्जदार किती दिवसांत भरू शकेल, हा मुद्दा त्यांत नाही. दंडाधिकाऱ्याने वादात शिरू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावले आहे. आदेश निघतो, पोलीस बंदोबस्त येतो, पंचनामा होतो, कुलपाला सील लागते. तोवर थकबाकी जमवली तरी कलम 13(8) प्रमाणे कारवाई थांबवायला संपूर्ण येणे भरावे लागते.

इंग्लंडमध्येही 1962 च्या कॉन्ट निवाड्यानंतर न्यायालयाचे हात बांधले गेले होते. तिथल्या संसदेने ते 1970 च्या कायद्यातील कलम 36 ने सोडवले: वाजवी काळात रक्कम फेडली जाण्याचा संभव असेल, तर राहत्या घराच्या ताब्याचा दावा तहकूब करता येतो किंवा आदेश स्थगित ठेवता येतो. रक्कम म्हणजे थकलेले हप्ते, सगळे कर्ज नव्हे, हे 1973 मध्ये स्पष्ट झाले. 1996 च्या नॉर्गन निवाड्याने कर्जाची उरलेली मुदत हाच वाजवी काळाचा प्रारंभबिंदू ठरवला. मात्र न्यायाधीश जमाखर्च मागतो. कुवत दिसली नाही तर मुदतही नाही.

असा अधिकार आपल्याकडेही असावा, यावरचे आक्षेप ठाऊक आहेत. यामुळे तारखांवर तारखा पडतील, असे म्हणतात. सरफेसीच्या कलम 14 मध्ये आदेशासाठी तीस, फार तर साठ दिवसांची मर्यादा आहे. तरी ती बंधनकारक नाही, असे 2020 मध्ये ठरले. म्हणजे विलंबाला आजही वाव आहे. तो फायलीच्या मर्जीने होतो, कर्जदाराच्या कुवतीकडे पाहून नव्हे. दुसरा आक्षेप ठेवीदारांच्या पैशाचा. मुरगूडच्या सहकारी बँकेच्या खटल्यात सरफेसी कायदा सहकारी बँकांना लागू ठरल्यापासून तो अधिक गंभीर आहे. पण पडेल भावाच्या लिलावापेक्षा नियमित सुरू झालेला हप्ता ठेवीदाराच्याही हिताचा. राहिले कर्जवसुली न्यायाधिकरण (डीआरटी): ते बँकेची कारवाई कायद्याबरहुकूम झाली का, एवढेच तपासते, हप्ते बांधून देणे हे त्याचे काम नाही.

तेव्हा राहत्या घरापुरता, एकदाच वापरता येणारा आणि हप्ता चुकताच आपोआप संपणारा मुदतीचा अधिकार कायद्यात आला पाहिजे. तो न्यायिक अधिकाऱ्याकडेच असावा, महसुली यंत्रणेकडे नको. मसुदा परिषदेच्या समितीने करावा. तपशिलावर आपण भांडू. पण घर गेल्यावर कायद्याचा काथ्याकूट करण्यापेक्षा, ते जाण्याआधी न्यायाधीशाला एक प्रश्न विचारू द्या, एवढी मागणी या परिषदेने एकमुखाने करावी.