फ्रीझर बंद पडला, अन्न नासले : भरपाई कोणाकडे व कशी मागावी?

(ग्राहक मार्गदर्शनपर व्याख्यानाचा मजकूर)



पावसाळ्याची बेगमी करून ठेवणे ही गोमंतकातील घराघरांची जुनी रीत. सुके बांगडे, सुकी सुंगटे, आमसुले, मिरच्या, खारातले फणसाचे गरे असे पुरुमेंत मृगाच्या आधी भरले की गृहिणी निर्धास्त होत असे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्यामुळे आता पुष्कळ घरांतून ताजी मासळीही फ्रीझरमध्ये साठविली जाते. फरक एवढाच की सुक्या मासळीला विजेची गरज नव्हती. फ्रीझरमधील सारा साठा मात्र एका कॉम्प्रेसरच्या भरवशावर असतो.

हा कॉम्प्रेसर एखाद्या रात्री बंद पडला म्हणजे काय होते, हे बहुतेकांनी पाहिलेले आहे. सकाळी पेटीतून पाणी झिरपते, दुर्गंधी सुटते आणि घरातील माणसे प्रथम काय करतात, तर सारे उचलून परसात पुरतात व पेटी धुऊन काढतात. चार दिवसांनी कारागीर येतो, हमीची मुदत असल्यास सुटा भाग फुकट बदलतो आणि प्रकरण तेथेच मिटते. गेलेल्या अन्नाचे पैसे मागता येतात, हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. आणि ज्याच्या ध्यानी येते त्याच्याजवळ तोपर्यंत पुरावा उरलेला नसतो.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याने १९८६ च्या अधिनियमाची जागा घेतली. त्याच्या कलम ३९ अन्वये जिल्हा आयोगाला वस्तूतील दोष दूर करण्याचा, वस्तू बदलून देण्याचा किंवा किंमत परत करण्याचा आदेश देता येतो. त्याच कलमात आणखी एक तरतूद आहे : विरुद्ध पक्षाच्या हयगयीमुळे ग्राहकाला जी हानी सोसावी लागली तिची भरपाईही आयोग देववू शकतो. नासलेल्या अन्नाची मागणी या तरतुदीवर उभी राहते.

तक्रारीची शब्दरचना करताना येथे सावधगिरी हवी. या अधिनियमात उत्पादन-दायित्वाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. तेथे 'हानी' या शब्दाच्या व्याख्येत सदोष वस्तूखेरीज अन्य मालमत्तेचे नुकसान येते. परंतु हमीच्या अटींचा भंग झाल्यामुळे झालेले मालमत्तेचे नुकसान त्यातून वगळलेले आहे. म्हणून 'हमी असूनही फ्रीझर बिघडला' एवढेच लिहून थांबणे हिताचे नाही. यंत्रात मुळात कोणता दोष होता, तक्रार कोणत्या दिवशी नोंदविली, कारागीर किती दिवसांनी आला, तोच बिघाड पूर्वी किती वेळा झाला होता, हे सविस्तर लिहावे. एकाच कॉम्प्रेसरची तीनदा दुरुस्ती झाली असेल तर हयगय दाखविणे सोपे जाते. नव्या यंत्रात एकदाच बिघाड होऊन तो दुसऱ्या दिवशी दूर केला असेल, तर अन्नाची भरपाई मिळणे कठीण. ही गोष्ट ग्राहकाला आधीच स्पष्टपणे सांगितलेली बरी.

पुराव्याची वेळ पहिल्याच दिवशी असते. दुर्गंधी कितीही असली तरी माल फेकण्यापूर्वी पेटी उघडी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. कोणती मासळी किती किलो, मांस किती, दूधदुभते किती, याची यादी करून तिच्यावर दोन शेजाऱ्यांच्या सह्या व तारीख घ्यावी. दुकानदाराला व कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि माल किती वेळ ठेवता येईल तेही कळवावे, म्हणजे 'आम्हांला पाहू दिले नाही' असे म्हणण्यास जागा राहत नाही. बाजारातील मासळीची पावती सहसा मिळत नाही. अशा वेळी त्या आठवड्याचा बाजारभाव व मोबाईलवरून पैसे दिल्याची नोंद उपयोगी पडते. कारागिराच्या कामाच्या कागदावर बिघाडाचे कारण लिहून घेतल्याशिवाय सही करू नये. 'काम पूर्ण, ग्राहक समाधानी' या छापील ओळीखाली केलेली सही पुढे ग्राहकाच्याच विरुद्ध दाखविली जाते.

भरपाई मागणाऱ्यावर एक कर्तव्यही आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७३ नुसार करारभंगातून स्वाभाविकपणे उद्भवणाऱ्या नुकसानीचीच भरपाई मिळते, दूरान्वयाच्या नुकसानीची नाही. आणि नुकसान टाळण्याची जी साधने हाताशी होती तीही विचारात घेतली जातात. गच्च भरलेल्या फ्रीझरचे झाकण उघडले नाही तर आतील माल सुमारे ४८ तास गोठलेला राहतो; अर्धा भरलेला असल्यास सुमारे २४ तास. त्या अवधीत शेजारच्या फ्रीझरमध्ये जागा मिळत असता किंवा बाजारात बर्फ मिळत असता काहीच केले नाही, तर रक्कम कमी होण्याचा संभव आहे. बर्फाचा खर्च मात्र मागता येतो. त्याची पावती ठेवावी. ज्या मासळीत अजून बर्फाचे कण आहेत ती लगेच शिजवावी. ऊब लागलेली मासळी वास नाही म्हणून खाऊ नये. भरपाईपेक्षा आजार महाग पडतो.

दोष यंत्राचा की विजेचा, हा प्रश्न पावसाळ्यात हटकून उपस्थित होतो. वीज गेल्यामुळे अन्न नासले तर फ्रीझर बनविणारा त्याला जबाबदार नाही. गोव्यात वीजपुरवठा शासनाचे वीज खाते करते. विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ५७ मध्ये पुरवठादाराच्या कामाची मानके व ती न पाळल्यास द्यावयाची भरपाई यांची तरतूद आहे, आणि कलम ४२ अन्वये ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच असतो. कंपनीने दाबातील चढउतारांकडे बोट दाखविले तर शेजारची यंत्रे त्या रात्री चालू होती की नाही, हा साधा प्रश्न पुष्कळदा निर्णायक ठरतो.

स्वयंसाहाय्य गटातील एखादी महिला फ्रीझर घेऊन मासळी किंवा आईस्क्रीम विकत असेल तर ती 'ग्राहक' ठरते काय? व्यापारी प्रयोजनासाठी खरेदी करणारा ग्राहक नव्हे, हे खरे. परंतु केवळ स्वयंरोजगारातून स्वतःची उपजीविका करण्यासाठी वस्तू घेतली असेल तर ते व्यापारी प्रयोजन मानले जात नाही. तक्रारीत हे एक वाक्य अवश्य असावे. मोठ्या शीतगृहांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी माल खराब होण्याचा स्वतंत्र विमा असतो.

तक्रार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे करता येते. सत्तरीतील माणसाने बेळगावहून फ्रीझर आणला म्हणून त्याला बेळगावला खेपा घालाव्या लागत नाहीत. दुकानदार व उत्पादक या दोघांनाही विरुद्ध पक्ष करावे. वस्तूसाठी मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास फी नाही. वकील लावण्याची सक्तीही नाही. अर्ज संगणकावरूनही भरता येतो, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर नोंद केल्यास काही प्रकरणे तेथेच मिटतात. विरुद्ध पक्षाला उत्तरासाठी ३० दिवस व फार तर आणखी १५ दिवस मिळतात. ही मुदत त्यापुढे वाढविता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ४ मार्च २०२० रोजी १९८६ च्या अधिनियमातील अशाच तरतुदीबाबत ठरविले. योगायोग असा की त्या प्रकरणातील एक पक्षकार शीतगृहच होते. निकाल तीन महिन्यांत, आणि यंत्राची तपासणी लागल्यास पाच महिन्यांत व्हावा, अशी अधिनियमाची अपेक्षा आहे. प्रत्यक्षात अधिक काळ लागतो, हे लपविण्यात अर्थ नाही.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. दुकानातून मिळणारे बिल पुष्कळदा उष्णतेने उमटणाऱ्या गुळगुळीत कागदावर छापलेले असते आणि त्यावरील अक्षरे काही महिन्यांत फिकी होऊन जातात. फ्रीझर घरी येईल त्याच दिवशी त्या बिलाची छायाप्रत काढून हमीपत्राला टाचून ठेवावी.