पाइपातले पाणी

फुलपाखराने पंख हलवले आणि दूर वादळ उठले, एवढ्यावर केऑसची गोष्ट संपवायची आपल्याकडे सवयच झाली आहे. एडवर्ड लॉरेन्झ यांनी 1961 मध्ये संगणकाला .506127 ऐवजी .506 दिले आणि हवामान पार वेगळे निघाले, हेही पुष्कळांना ठाऊक असते. पण ज्या व्यवस्थेचे उत्तरच उशिरा येते, तिथे इवल्याशा धक्क्याचे काय होते? हे सहसा कोणी विचारत नाही. विचारायला हवे.

रक्ताचेच पाहावे. पेशी कमी झाल्या की अस्थिमज्जेत नव्या घडू लागतात, पण त्या रक्तात उतरायला काही दिवस जातात. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातील मायकेल मॅकी आणि लिऑन ग्लास यांनी 1977 मध्ये हे एका समीकरणात बसवले. विलंब थोडा असला तर संख्या स्थिरावते, वाढला की हेलकावे घेते. नेहमीचे सहगुणक धरले तर विलंब समीकरणाच्या कालएककांत 17 च्या आसपास पोचताच केऑस सुरू होतो.

विलंबाचा हाच खेळ घरी पाहू. समजा, गरम-गार पाणी गच्चीवरच मिसळते आणि लांब पाइपातून न्हाणीघरात येते. गार लागले म्हणून माणूस गरम वाढवतो. लगेच फरक पडत नाही, म्हणून आणखी वाढवतो, आणि मग चटका बसतो. बादलीत पडणाऱ्या धारेला हात लावून पुढचे कळत नाही, कारण पाइपातल्या वितीवितीचे पाणी आधीच ठरलेले असते. मधली एक वीत जरा गार राहिली, तर ती खाली येताच हात पुन्हा फिरतो आणि त्या फिरण्याची खूण पुन्हा पाइपात शिरते.

श्रोत्यांनी एवढे तरी पक्के धरावे: इथे सुरुवातीची स्थिती म्हणजे एक आकडा नव्हे, तर विलंबाइतक्या काळाचा सगळा इतिहास. रक्ताकडे परत येऊ. चक्रीय न्यूट्रोपेनिया या आजारात रक्तातल्या पांढऱ्या पेशी वर-खाली होत राहतात, पण त्यात केऑस नसतो, साधारण 21 दिवसांची लय असते. तीसुद्धा एका अहवालात सापडत नाही. डॉक्टर कित्येक आठवडे पुन्हा पुन्हा मोजणी करायला लावतात. तरी लोक एकच कागद घेऊन निष्कर्षाला येतात!

डॉयन फार्मर यांनी 1982 मध्ये मॅकी-ग्लास समीकरणात विलंब वाढवत नेला. धक्का ज्या दिशांनी फोफावतो त्या वाढत गेल्या, पण सगळ्या वाढीची बेरीज जवळपास तेवढीच राहिली. पाइप लांबला की वाटा जास्त, प्रत्येक वाटेवरचा वेग कमी. लेझरचा प्रकाश आरशावरून उशिरा परतला की तिथेही असेच काही घडते. पण त्यासाठी आता वेळ उरलेला नाही.