खिडकी खराब झाली म्हणजे नेमकं काय झालं?

मी जुन्या घरांच्या लाकडी खिडक्या-दारं दुरुस्त करण्याचं काम करते. राहते दिल्लीत, सरोजिनी नगरला लागून. काम कधी दिल्लीतल्या जुन्या बंगल्यांत निघतं, कधी पुण्या-वाईकडच्या वाड्यांत, कधी गोव्यात. आज एकाच प्रश्नावर बोलायचं आहे. घरातली जुनी खिडकी काढून टाकायची की ठेवायची? आणि ठेवायची, तर काय करायचं?

सरोजिनी नगर म्हटलं की बहुतेकांना कपड्यांचा बाजार आठवतो. पण हे नाव मुळात केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांच्या वसाहतीचं. आधी तिला विनय नगर म्हणायचे. 2016 च्या जुलैमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिल्लीतल्या अशा सात वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. सातही मिळून 12,970 जुनी घरं जाऊन सुमारे 25,667 नवी यायची, असा तो आराखडा. 2018 च्या जूनमध्ये इथल्या झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. घरं पाडावीत की नाही, यावर मी आज बोलणार नाही. घरांची गरज होती, हे खरंच आहे. मला पाडकामातली एक साधी गोष्ट दाखवायची आहे.

कुठलंही जुनं घर पाडायला घेतलं, की दारं-खिडक्या आधी उतरवतात. भिंतीवर घण पडायच्या आत त्या नीट काढून बाजूला रचल्या जातात, कारण त्यांना गिऱ्हाईक असतं. मुरलेलं जुनं लाकूड विकत घ्यायला माणूस टेम्पो घेऊन येतो. मग तुमच्या गावच्या घराची खिडकी ‘सडली आहे, फेकून द्या’ असं सांगणारा कंत्राटदार ती स्वतःच्या गाडीत का घालतो, याचा जरा विचार करा.

आपल्यापैकी कितीतरी जणांचं हेच चाललेलं असतं. आपण दिल्लीत, इंदुरात, बंगळुरात. घर वाईला, सावंतवाडीला, नाहीतर बेळगावात. भाऊ फोन करतो, ‘अरे, सगळ्या खिडक्या गेल्या रे. कंत्राटदार म्हणतो, यूपीव्हीसी लावू. आठवड्यात काम होईल.’ आपण इथून म्हणतो, ‘बरं, लाव.’ दोन मिनिटांच्या फोनवर दोन-तीन पिढ्यांचं सागवान जातं. भावाचंही चुकत नाही. त्याला पावसाचं पाणी रोज घरात येताना दिसतं. म्हणून तुम्ही त्याला एकच प्रश्न विचारा, ‘खिडकीचा नेमका कुठला भाग गेलाय?’

हा प्रश्न विचारता येतो, कारण जुनी खिडकी ही एक वस्तू नाहीच. भिंतीत बसवलेली चौकट वेगळी. तिला बिजागऱ्यांवर टांगलेल्या झडपा वेगळ्या. प्रत्येक झडपेत दोन उभ्या पट्ट्या, दोन-तीन आडव्या पट्ट्या, मध्ये काचेची तावदानं. आडव्या पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ उभ्या पट्टीच्या खाचेत बसते आणि आरपार लाकडी खुंटी मारून सांधा पक्का होतो. खुंटी ठोकून बाहेर काढली की सांधा सुटतो. म्हणजे ज्या सुताराने ती केली, त्याने ती परत खोलता येईल अशीच केली. यूपीव्हीसीची चौकट कोपऱ्यांत वितळवून जोडलेली असते. ती मोडली की अख्खी बदलायची. दुहेरी काचेच्या बंद तावदानात ओल शिरली, की काच आतून धुरकट होते आणि तीही अख्खीच बदलावी लागते.

आता तपासणी. रंग उडालेला पाहून घाबरू नका. रंग म्हणजे लाकूड नव्हे. एक टोच्या किंवा बारीक पेचकस घ्या आणि झडपेच्या खालच्या पट्टीत, कोपऱ्यांत, चौकटीच्या खालच्या आडव्या लाकडात दाबून बघा. टोक रुतत नसेल तर लाकूड ठणठणीत आहे. शंका वाटली तर टोकाने लहानशी ढलपी उचकटा. लांब, तंतुमय ढलपी निघाली तर लाकूड चांगलं. बिस्किटासारखा तुकडा पडला तर ते कुजलेलं.

माझा अनुभव असा, की कूज बहुतेक वेळा खालच्या वीतभर भागातच सापडते. वरची तीन चतुर्थांश खिडकी धडधाकट असते. कारण पाणी खाली येऊन थांबतं. लाकडात साधारण 20 टक्क्यांहून जास्त ओल सतत राहिली, की बुरशी धरते. ओल निघून जात असेल, तर सागवान दोनशे वर्षंही उभं राहतं. पुण्याचा विश्रामबागवाडा दुसऱ्या बाजीरावाने 1807 मध्ये बांधला, त्याच्या दर्शनी भागाचं लाकूडकाम आजही आपण बघायला जातो. म्हणून खिडकीला हात लावण्याआधी पाणी शोधा. छज्जा फुटलाय का? वर पन्हळ गळतेय का? बाहेरच्या बाजूने सिमेंट चढवून चौकटीखाली पाणी अडवलंय का? हे कारण तसंच ठेवून नवी खिडकी बसवलीत, तर पाणी तिच्या कडेनेही आत येणारच.

अमेरिकेच्या नॅशनल पार्क सर्व्हिसने 1981 मध्ये जुन्या लाकडी खिडक्यांच्या दुरुस्तीवर एक पुस्तिका काढली. तिने कामाच्या तीन पायऱ्या केल्या आहेत. पहिली, नेहमीची देखभाल. दुसरी, कमजोर झालेलं लाकूड जागेवरच सावरणं. तिसरी, गेलेला भाग कापून नवा जोडणं. आपले जुने सुतार पुस्तकाविना हेच करत आले.

तिसरी पायरी जरा सविस्तर सांगते, कारण लोक तिलाच घाबरतात. आधी प्रत्येक झडपेवर खडूने नंबर घाला आणि फोटो काढा, नाहीतर परत बसवताना गोंधळ होतो. झडप उतरवून सांधा खोला. कुजलेला भाग चांगलं लाकूड लागेपर्यंत कापा. काप तिरका घ्या, उतार बाहेरच्या बाजूला ठेवा, म्हणजे जोडात पाणी थांबणार नाही. ठिगळ त्याच जातीच्या, मुरलेल्या लाकडाचं हवं आणि त्याच्या रेषा जुन्या लाकडाच्या रेषांच्याच दिशेने धावायला हव्यात. ओलं, नवं लाकूड लावलंत तर ते आकसेल आणि जोड उघडेल. असं मुरलेलं लाकूड मिळतं कुठे? पाडकामाच्या लाकडातच. एका घराची उतरलेली चौकट दुसऱ्या घराच्या खिडकीला अशी उपयोगी पडते. शेवटी झडप कोरडीच जुळवून दोन्ही कर्ण सुतळीने मोजा. दोन्ही सारखे आले, की झडप काटकोनात आहे. मगच सरस लावा आणि खुंटी ठोका.

ढिल्या बिजागरीसाठी नवी बिजागरी लागत नाही. स्क्रूच्या भोकात सरस लावून लाकडाची खुंटी ठोका आणि त्यात नव्याने स्क्रू पिळा. श्रावणात झडप अडकते म्हणून लगेच रंधा मारू नका. लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा तासलेली झडप दिल्लीच्या मे महिन्यात बोटभर फटीने हसते. थांबा, दिवाळीनंतर बघा. अनेकदा अडकण्याचं कारण रंगाचे दहा थर असतात.

या रंगाबद्दल मात्र सावध राहा. घरगुती रंगांत शिसं 90 पीपीएमपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या थरांत शिसं आहे असंच धरून चाला. कोरडा पॉलिश पेपर घासू नका, ज्योतीने जाळू नका. पाणी मारून ओलसर खरवडा, तोंडाला चांगला मास्क लावा, लहान मुलं आणि गरोदर बायका यांना लांब ठेवा, कचरा ओल्या फडक्याने गोळा करा. काम करणाऱ्या सुतारालाही मास्क द्या. दिवसभर ती धूळ तोच श्वासात घेतो.

काचेची लांबी, म्हणजे पुट्टी, घरी करता येते. खडूची पूड आणि उकळलेलं जवसाचं तेल कणकेसारखं मळायचं. पण आधी काचेच्या खाचेला तेलाचा हात द्या. कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि लांबीला भेगा पडतात. वर साय धरली की रंग द्या आणि तो काचेवर दोन मिलिमीटर चढू द्या, म्हणजे फट राहत नाही. आणि तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेतात. उघडी पसरून बाहेर वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

जुनी काच किंचित लाटांसारखी दिसते. ती दोषामुळे तशी नसते, जुन्या घडणीमुळे असते. शक्य तितकी वाचवा. गोव्याच्या जुन्या घरांत तर काचेच्या जागी शिंपले असतात. बारीक लाकडी पट्ट्यांत सरकवलेले, दुधाळ उजेड देणारे. तो शिंपला आता वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो. सहज नवा मिळणार नाही. मोडक्या खिडकीतला प्रत्येक अखंड शिंपला काढून जपून ठेवा.

मग सगळंच वाचवायचं का? नाही. वाळवीने आतून पोकळ केलेली चौकट भार घेत नसेल, तर ती बदलावीच लागते. आधी वाळवीचा बंदोबस्त, मग नवी चौकट. जुन्या झडपा मात्र तिच्यावर पुन्हा टांगता येतात. आणि एसीचं काय, दिल्लीच्या धुळीचं काय, असं विचाराल तर तेही रास्त आहे. झडप जिथे चौकटीला टेकते, तिथे रबराची किंवा ब्रशची पट्टी लावा. रस्त्याचा आवाज फार असेल, तर आतून दुसरी काचेची झडप बसवता येते. जुनी जागेवर राहते.

खर्च? दुरुस्ती नेहमीच स्वस्त पडते असं नाही. पण त्यातला मोठा वाटा मजुरीचा असतो आणि तो तुमच्याच गावच्या सुताराच्या घरी जातो. हे काम येणाऱ्याला काम मिळालं नाही, तर त्याचा मुलगा ते शिकणार नाही. मग खिडकी ठेवायची इच्छा असूनही ती दुरुस्त करणारा हात सापडणार नाही. मला लाकडाइतकीच याची काळजी वाटते.

तेव्हा एवढंच करा. पुढचा फोन येईल, तेव्हा ‘लाव’ म्हणण्याआधी भावाला सांगा, ‘टोच्या घे, खालचा कोपरा दाबून बघ आणि सुताराला एकच झडप दुरुस्त करून दाखवायला सांग.’ ती झडप एक पावसाळा बघा. बाकीच्या खिडक्यांचं तुम्ही मग ठरवा.