गोधडीतला वाकडा टाका: उसवायचा की राहू द्यायचा?

रत्नागिरीतून बोलतोय, मागे पावसाचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आजचा विषय कोडिंगचा नाही, गोधडीचा आहे. गेल्या उन्हाळ्यापासून मी आजीकडून गोधडी शिवायला शिकतोय. हाताने काही करायला घेतलं की एक प्रश्न सगळ्यांनाच पडतो: जमलं नाही ते उसवायचं, की तसंच पुढे जायचं? आज त्यावर बोलूया.

ज्यांनी गोधडी फक्त पांघरली आहे, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोधडी, काही घरांत वाकळ, म्हणजे जुन्या सुती कपड्यांचे थर हाताने एकत्र शिवलेले. वर-खाली लुगडं किंवा साडी, मध्ये जुन्या चादरी, धोतरं. टाका एकच, धावदोरा. कडेपासून सुरुवात करायची आणि चौकोनात फिरत फिरत मध्यभागी यायचं. आमच्याकडे हे उन्हाळ्याचं काम. कपडे धुऊन कडकडीत वाळवायला ऊन लागतं, आणि मृगाचा पाऊस लागला की कोकणात काही वाळत नाही.

जुनाच कपडा का? एक तर तो मऊ असतो. दुसरं म्हणजे, वर्षानुवर्षं धुऊन तो आटायचा तेवढा आटलेला असतो. नवा कपडा पहिल्या धुण्यात आटतो आणि शिवण ओढली जाते. पण जुना कपडा सगळीकडे सारखा नसतो ना! कुठे विरलेला, कुठे अजून धड. एक थर सरकतो, दुसरा ताणतो. त्यामुळे पट्टी लावून आखलेली रेषही शिवताना थोडी हलतेच.

आता जरा हिशोब करू, इंजिनिअर माणूस आहे, राहवत नाही. सहा फूट बाय चार फुटांची गोधडी घ्या. ओळींमध्ये दोन सेंटीमीटर अंतर धरलं, तर एकूण शिवण साधारण शंभर मीटरच्या वर जाते. दर सेंटीमीटरला एक टाका धरला, तर झाले दहा हजार टाके! सगळे हाताने घातलेले. त्यातले शंभर वाकडे गेले तरी ते एक टक्काच.

पण "हँडमेड आहे, चालतंय" एवढं म्हणून सोडून देता येत नाही. कारण काही दोष खरंच दोष असतात. आजीची तपासणी साधी आहे. पायाचं बोट अडकेल एवढा लांब टाका असेल, तर तो उसवायचा. गाठ सैल असेल, तर पुन्हा मारायची. मधला थर टाक्यात आलाच नसेल, तर तो धुताना आत गोळा होणार, म्हणून तेही दुरुस्त करायचं. ओळ नुसती वाकडी असेल, तर हात लावायचा नाही. मी एकदा विचारलं, "आजी, ही ओळ उसवू का?" तिने हात फिरवून बघितलं आणि म्हणाली, "धरलंय ना घट्ट? मग पुढे चल. लुगडं आधीच विरलंय, त्याला अजून किती भोकं पाडशील?"

यातली गोम इथेच आहे. लॅपटॉपवर अनडू फुकट असतं. विरलेल्या कपड्यावर मात्र प्रत्येक वेळी उसवताना धागे कमजोर होतात. आमच्या गोधडीत पणजीचं लुगडं आहे, तसं दुसरं मिळणार नाही. ओळ सरळ दिसावी म्हणून ते फाडायचं का? दिसण्यासाठी केलेली दुरुस्ती टिकण्याच्या मुळावर येत असेल, तर ती दुरुस्ती कसली!

रील्समध्ये एक गोष्ट फिरते बघा: अमेरिकेतले आमिश लोक म्हणे क्विल्टमध्ये मुद्दाम एक चूक ठेवतात, कारण परिपूर्ण फक्त देव. ऐकायला छान आहे, पण क्विल्टच्या अभ्यासकांना त्याला भक्कम पुरावा मिळालेला नाही. आणि दहा हजार टाके घालणाऱ्याला मुद्दाम चूक करायची गरज तरी कुठे पडते?

खरी उदाहरणं बघायची असतील तर उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांची कवंदी बघा. यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड या भागातली. जुन्या कपड्यांचे तुकडे, कडेकडून आत येणारा टाका आणि कोपऱ्यांवर घड्या घालून लावलेली फुलं. किंवा अलाबामातल्या गीज बेंडचे क्विल्ट बघा. कृष्णवर्णीय बायकांनी कामाच्या जुन्या कपड्यांतून, घरच्यांना ऊब मिळावी म्हणून शिवलेले. रेषा तिरक्या, पट्ट्या कमी-जास्त रुंद. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या संग्रहालयात त्यांचं प्रदर्शन झालं आणि २००६ मध्ये अमेरिकेच्या पोस्टाने त्यांच्यावर तिकिटं काढली.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर थेट मोठी गोधडी घेऊ नका. बाळाची दुपटी किंवा बसायचं आसन घ्या. चार थर पुरे. आधी मोठे कच्चे टाके घालून थर जागेवर बसवा, मग धावदोरा. टाका तांदळाच्या दाण्याएवढा ठेवा. एक बाजू पूर्ण झाल्याशिवाय उसवायला कात्री हातात घेऊ नका. आणि बाजारात कुणा मावशींकडून गोधडी घेताना ओळ वाकडी आहे म्हणून किंमत पाडू नका. टाके ओढून बघा, घट्ट असतील तर सांगितलेले पैसे द्या.

तुमच्या घरी गोधडी कोण शिवतं, तिला तुमच्याकडे काय म्हणतात, मला व्हॉइस नोट पाठवून नक्की सांगा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर काळजी घ्या!