अवजड ओझ्यासाठी यंत्रबाहूची निवड



यंत्रबाहू कारखान्यात प्रथम राबू लागला तो १९६१ साली, अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात, जनरल मोटर्सच्या कारखान्यात. ‘युनिमेट’ हे त्याचे नाव. साच्यातून नुकतेच बाहेर पडलेले धातूचे तप्त भाग उचलण्याचे काम कामगाराला चटके देणारे होते. म्हणून ते यंत्राकडे सोपविण्यात आले. आज १,००० किलोग्रॅमहून अधिक भार पेलणारे बाहू मिळतात. त्यांतून आपल्या कामाला कोणता घ्यावा, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाही.

माहितीपत्रकावरचा पहिला आकडा वहनक्षमतेचा. खरेदीदाराची नजर त्यावर खिळते आणि फसगतही तेथेच होते. हा आकडा बाहूच्या मनगटावर येणाऱ्या एकंदर भाराचा असतो; वस्तू पकडणाऱ्या पंजाचे वजनही त्यातच आले. समजा, ओतकामाच्या कारखान्यात ८०० किलोग्रॅमचा ओतीव भाग उचलावयाचा आहे आणि तो धरणारा पोलादी पंजा २५० किलोग्रॅमचा आहे, तर १,००० किलोग्रॅमचा बाहू अपुरा पडला! शिवाय भार मनगटापासून किती दूर आहे, हेही पाहावे लागते. भरलेली घागर कडेवर सहज राहते. तीच हात लांबवून धरली की खांदा भरून येतो. गुरुत्वमध्य मनगटापासून दुप्पट दूर गेला, की मनगटावरचा ताण दुप्पट होतो आणि भार फिरविताना आडवे येणारे जडत्व चौपट.

लांबीचा मोहही असाच महाग पडतो. जपानच्या फॅनुक कंपनीच्या एम-२०००आयए मालिकेतील एक बाहू २,३०० किलोग्रॅम उचलतो व सुमारे ३.७ मीटर पोहोचतो. त्याच मालिकेतील लांब बाहू सुमारे ४.७ मीटर गाठतो, परंतु उचलतो १,७०० किलोग्रॅमच. एका मीटरसाठी ६०० किलोग्रॅमवर पाणी सोडावे लागते. यापेक्षा दोन यंत्रे परस्परांजवळ सरकविणे पुष्कळदा स्वस्त पडते. यातील आखूड बाहूचे स्वतःचेच वजन सुमारे ११ टन आहे. भार घेऊन फिरताना तो एकाएकी थांबला, तर सारा हिसका जमिनीला बसतो. जुन्या शेडच्या फरशीवर त्याला उभे करणे, हा शुद्ध अविचार होय. काँक्रीटचा पाया आधी, यंत्र नंतर.

दिवसाकाठी चार-दोन वेळाच उचल होत असेल, तर छताखालून धावणारी साधी क्रेन पुरे. एकच जड वस्तू, त्याच जागी, पाळीभर पुनःपुन्हा ठेवावयाची असेल, तेथेच या बाहूचा खर्च सार्थकी लागतो.

१९७९ साली अमेरिकेतील मिशिगन राज्यात, भाग साठविण्याच्या मांडणीवर चढलेला एक कामगार यंत्रबाहूच्या आघाताने मृत्युमुखी पडला. माणसाची चाहूल लागावी, अशी सोय त्या यंत्राला नव्हती. यंत्रबाहूंच्या सुरक्षिततेविषयीचे आयएसओ १०२१८ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२५ मध्ये सुधारून प्रसिद्ध झाले आहे. खरेदीच्या अंदाजपत्रकात भक्कम कुंपणाची तरतूद वेगळी दाखवावी. फाटक उघडताच बाहू थांबला पाहिजे, आणि आत गेलेल्या माणसाने बाहेर येऊन स्वतःच्या हाताने किल्ली फिरविल्याखेरीज तो पुन्हा हलता कामा नये.