धुतल्या तांदळासारखा नायक



१९८५ साली ब्रेट ईस्टन एलिसची ‘लेस दॅन झीरो’ ही कादंबरी आली, तेव्हा तो २१ वर्षांचा होता आणि कॉलेजातच शिकत होता. तिचा निवेदक क्ले नाताळच्या सुट्टीत लॉस एंजेलिसला घरी येतो. आईबाप सिनेमाच्या धंद्यातले, दारात गाड्या, पोहण्याचे तलाव, आणि पार्टी कुणाकडेही असो, कोकेन हजर. क्लेही ते ओढतो. त्याची ब्लेअर नावाची मैत्रीण आहे आणि मुलांशीही त्याचे संबंध येतात. एलिस याचा खुलासा करत बसत नाही, क्लेही अपराधी वाटून घेत नाही. या कादंबरीतलं बाकी सगळं आपल्याला अस्वस्थ करतं. ही एक गोष्ट मात्र तिथे अगदी साधी आहे.

दोन वर्षांनी, १९८७ मध्ये, सिनेमा आला. अँड्र्यू मॅकार्थीचा क्ले धुतल्या तांदळासारखा! ड्रग्जला शिवत नाही, ब्लेअरखेरीज कुणाकडे पाहत नाही. तरुण प्रेक्षकांना दाखवलेल्या चाचणी खेळांत रॉबर्ट डाउनी ज्युनियरने केलेला क्लेचा मित्र ज्युलियन नावडता ठरला, तेव्हा सहानुभूती मिळावी म्हणून नवे प्रसंग चित्रित झाले. शाळेच्या पदवीदान समारंभातलं क्ले, ब्लेअर आणि ज्युलियन या तिघांचं हसतंखेळतं दृश्य त्यातलंच.

आता ज्युलियनकडे येऊ. ड्रग्जचं कर्ज डोक्यावर, ते फेडण्यासाठी त्याला पुरुष गिऱ्हाइकांकडे पाठवलं जातं. हा धागा कादंबरीतही आहे. तिथे क्ले त्याच्याबरोबर हॉटेलच्या खोलीत जातो, खुर्चीत बसतो आणि समोर चाललंय ते नुसतं पाहतो. वाचताना आपल्याला चीड येते ती क्लेच्या थंडपणाची. सिनेमात क्ले मित्राला तिथून सोडवून बाहेर काढतो. म्हणजे नायक तारणहार झाला आणि पुरुषाने पुरुषाजवळ जाणं उरलं फक्त व्यसनाच्या शेवटच्या पायरीवर. कादंबरीत त्याची दोन रूपं होती, सहज घडणारं आणि विकत घेतलेलं. सिनेमाने पहिलं गाळलं, दुसरं ठेवलं. माझा आक्षेप आहे तो या निवडीला. गरजेपायी शरीर विकावं लागणं भयंकरच. पण समलैंगिकतेचं तेवढंच एक चित्र पडद्यावर ठेवलं, की प्रेक्षक त्या दोहोंची गाठ आपणच मारतो.

हॉलिवूडला ही सवय जुनी. १९३४ पासून काटेकोर राबवलेल्या निर्मितीसंहितेने समलैंगिकतेचा उल्लेखही वर्ज्य ठरवला होता. १९६८ मध्ये ती संहिता गेली, पण अशा पात्राला मरण किंवा शिक्षा देण्याची खोड गेली नाही. शिवाय १९८७ म्हणजे एड्सच्या धास्तीचा काळ. अभिनेता रॉक हडसन त्याच आजाराने गेला त्याला दोनच वर्षं झाली होती. गंमत म्हणजे दिग्दर्शक मारेक कानिएव्हस्काने १९८४ साली ‘अनदर कंट्री’त इंग्लंडच्या उच्चभ्रू शाळेतल्या समलैंगिक मुलाची कथा समजुतीने सांगितली होती. त्याला जमत नव्हतं, असं म्हणायला जागाच नाही.

सिनेमा जरूर पाहा, डाउनीसाठी तरी पाहाच; इतकं खरं काम त्या वयात क्वचित दिसतं. तिथे ज्युलियन मोटारीत मरतो. पहिल्या कादंबरीत तो मरत नाही. २०१० साली आलेल्या ‘इम्पीरियल बेडरूम्स’ या पुढच्या भागातही तो भेटतो. तेव्हा आधी पुस्तक वाचा, मग सिनेमा लावा, आणि काय गाळलंय ते स्वतः मोजा.